उजव्या अंगाचा दगड

बावन्न दिवसांच्या माणसाची नखं केवढी असतात, हे मला त्या सकाळी कळलं. तांदळाच्या कणीएवढी. करंगळीचं तर कणीहूनही लहान. तरी नखाला जे जे लागतं ते सगळं त्यात होतं. मुळाशी पांढरी कोर होती, कडेला चामडी होती. मी कादेकला मांडीवर घेऊन तेल लावत होतो आणि ते नख बघत बसलो.

मी फरश्या बसवतो. वीस वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलांची न्हाणीघरं केली. माझ्या बोटांत सिमेंट मुरलंय, ते आता निघायचं नाही. त्याच्या बोटांशेजारी माझं बोट ठेवलं तर ते बोट वाटतच नव्हतं, झाडाची मुळी वाटत होती. पण त्याने ते धरलं. डोळे मिटलेलेच होते, तरी असं घट्ट धरलं, की आता हे सोडायचं नाही असं कुणी त्याला सांगून पाठवलं असावं.

कादेक हे काही त्याचं खरं नाव नाही. दुसऱ्या मुलाला सगळे तसंच म्हणतात. नाव मिळेल तीन महिने झाले की, पाय पहिल्यांदा जमिनीला लागतील तेव्हा. तोवर त्याला खाली ठेवायचं नाही. तोवर तो वरचाच आहे, आपल्याकडे नुसता आलेला आहे. तो बारीक चेहरा झोपेत कपाळाला आठी घालतो, मग कुणीतरी काही समजावल्यासारखी ती आठी सोडतो. ते बघितलं की मला हे खरंच वाटतं.

"बापा, याचे दात कुठे?" विदीने विचारलं. माझी मोठी. अडीच वर्षांची. पाण्याचा मग दोन्ही हातांनी धरून शेजारी उभी होती.

"यायचेत."

"कुठून?"

"आतून."

तिने वाकून त्याच्या तोंडात पाहिलं. "नाहीत."

"लपलेत."

"माझे पण लपले होते?"

"हो."

मग तिने मग खाली ठेवला आणि स्वतःच्या एकेका दाताला बोट लावून पाहिलं. सगळे आहेत याची खात्री झाल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की हे सगळं तिनेच केलंय.

तो वजनाचा दिवस होता. महिन्यातून एकदा आमच्या वाडीच्या मंडपात सगळी लहान मुलं टांगत्या काट्यावर चढतात आणि गुलाबी वहीत टिंब पडतं. जन्मला तेव्हा कादेक दोन किलो आठशे होता. मागच्या वजनाला दोन किलो सातशे भरला. टिंब वर जायचं ते खाली आलं होतं. त्या दिवशी माझ्या बायकोची थोरली बहीण मंडपात होती. आम्ही तिला एम्बोक सुमेर्ती म्हणतो. एम्बोक म्हणजे ताई. ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, "नेंगाह, पुढच्या वजनाला हे टिंब वर गेलं नाही, तर मी याला सिंगराजाला, माझ्या घरी घेऊन जाते. तू रागावलास तरी चालेल." तिचा एकुलता मुलगा जहाजावर नोकरी करतो, घर मोठं आहे, दवाखाना दोन गल्ल्यांवर. तिचं चूक नव्हतं. मी मान हलवली होती.

मान हलवल्यापासून एकोणतीस दिवस मी डब्याचं दूध मोजून मोजून पाजलं होतं.

त्या सकाळी भात झाला तशी मी केळीच्या पानाचे चौकोन फाडले. त्यावर चिमूट चिमूट भात आणि मीठ. घरात कुणी जेवायच्या आधी हा नैवेद्य सगळीकडे जातो. चुलीला, पाण्याच्या रांजणाला, पाट्याला, देवांना, फाटकाला. हे काम सुआर्तीचं, माझ्या बायकोचं होतं. सात वर्षं मी तिला हे करताना रोज पाहिलं, आणि ती गेल्यावर पहिल्या दिवशी कळलं की मी काहीच पाहिलं नव्हतं. किती ठिकाणं आणि कुठून सुरुवात, काही आठवेना. विदीला आठवत होतं. ती सूप धरून माझ्यापुढे चालते. मी एखादं ठिकाण चुकलो की थांबते आणि पाय आपटते.

"इथे."

"इथे पण?"

"मेमे इथे ठेवायची." मेमे म्हणजे तिची आई.

एवढंसं पोर. मी तिला कडेवर घेऊन फिरवत होतो असं समजत होतो, आणि तीच मला घर दाखवत होती.

शेवटी दार. दारातून बाहेर पडताना डाव्या अंगाला विदीचा दगड आहे, उजव्या अंगाला कादेकचा. विदीच्या दगडावर शेवाळ चढलंय. कादेकचा अजून काळा, कोरा आहे. खाली नारळाच्या करवंटीत, पांढऱ्या फडक्यात ज्याची त्याची वार पुरलेली आहे. वार म्हणजे बाळाचं पाठचं भावंडच. त्याला सोडून बाळाने एकट्याने खायचं नसतं, म्हणून पाजायच्या आधी आईच्या दुधाचे चार थेंब त्या दगडावर टाकतात. आमच्याकडे डब्याचं होतं. मी तेच टाकायचो.

दोन्ही दगड मीच बसवले, पातळी लावून. कादेकचा बसवला त्या दुपारी सुआर्ती इस्पितळात झोपली होती, हसत होती. मी पांढरं फडकं छातीशी धरून घरी आलो, वार पुरली, दगड बसवला आणि परत गेलो. परत गेलो तेव्हा तिचं रक्त थांबत नव्हतं. ते थांबलंच नाही. गावाबाहेर वारलेल्या माणसाला आमच्याकडे पुन्हा घरात आणत नाहीत. तिला तिथूनच मसणात नेलं, आणि राख समुद्रात सोडली. विदी तेव्हा शेजारच्या म्हातारीकडे होती. तिने बघितलं ते एवढंच, की बापा छातीशी काहीतरी धरून आला, ते दाराशी पुरलं, त्यावर फुलं वाहिली, आणि मेमे आली नाही.

याबद्दल जास्त लिहीत नाही.

विदीला मी भात आणि उकडलेलं अंडं दिलं. ती ताट घेऊन बाहेर पायरीवर गेली. आई गेल्यापासूनची ही तिची नवी सवय. मी आत कादेकला बाटली देत असतो, ती बाहेर जेवते. थोड्या वेळाने रिकामं ताट घेऊन येते.

"संपलं?"

"संपलं."

ताटाला शीत चिकटलेलं नसायचं. मला फार बरं वाटायचं. निदान एक पोर तरी पोटभर जेवतंय. आमचा कुत्रा बेलांग तेवढ्या दिवसांत चांगला गुबगुबीत झाला होता. कुणाच्या तरी कोंबड्यांवर हात मारत असेल आणि एक दिवस माझ्याशी भांडायला माणूस येईल, एवढीच मला काळजी होती.

मंडप आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. आम्हाला तास लागला.

कादेक छातीशी झोळीत, विदी माझं बोट धरून. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि ती बसली. मुंग्यांची रांग पालीची तुटलेली शेपटी नेत होती. शेपटी अजून मधून मधून हलायची, मग सगळ्या मुंग्या थांबायच्या, मग परत उचलायच्या. या रस्त्याने मी जन्मभर ये-जा केली. हे असं काही इथे चालतं हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं बघत बसलो. मी उभा होतो, कारण झोळीत तो होता, पण मनाने बसलोच होतो.

पुढे पाटाजवळ बदकं. विदी प्रत्येकाला सांगत होती, "आज वजन आहे." बदकांना सांगितलं, बांधलेल्या गाईला सांगितलं, मोटारसायकल धुणाऱ्या पोलीस हवालदाराला सांगितलं.

"हो का? मग मी येऊ का वजनाला?" तो म्हणाला.

तिने त्याच्या पोटाकडे बघितलं. "दोरी तुटेल."

हवालदार पाइप हातात धरून इतका हसला, की आमच्या अंगावर पाणी उडालं. कादेकने दचकून दोन्ही हात पसरले, जणू झाडावरून पडतोय, आणि मग माझा सदरा सापडल्यावर शांत झाला. त्याच्या डोक्याच्या मधोमध जिथे हाड अजून जुळलेलं नाही, तिथे नाडी उडताना दिसत होती. मी छत्री त्यावर धरली. आख्ख्या रस्त्यात मला तेवढीच जागा दिसत होती.

वडाच्या अलीकडे विदी थांबली.

"बापा, पाय संपले."

पूर्वी ती हाच रस्ता पळत जायची आणि सुआर्ती मागून ओरडायची. मला वाटलं, उन्हाने असेल. मी तिला उचलून खांद्यावर बसवलं. तिने माझे कान धरले. छातीवर एक, मानेवर एक. फरशीची पेटी पंचवीस किलोची असते आणि अशा पेट्या मी जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवल्यात, शीळ घालत. हे दोघं मिळून एका पेटीइतकेही नव्हते, तरी मी असं पाऊल टाकत होतो की रस्त्याला आपण आहोत हे कळू नये. विदी हलकी वाटली. मला वाटलं, आज माझ्याच अंगात जोर आहे.

मंडपात वीस-पंचवीस बाया आणि तेवढीच रडारड.

"आले गं, विदीचे बापा आले! नीट बसा, पुरुषमाणूस आलाय."

"कसला पुरुषमाणूस? त्याच्या खांद्यावर माझ्याहून जास्त ओकारीचे डाग आहेत."

"ब्ली, आधी इकडे या," काट्यापाशी बसलेली मास्नी म्हणाली. ती माझ्याहून लहान, म्हणून मला ब्ली म्हणते, दादा. "ही झोळीची गाठ कुणी शिकवली? माझ्या नवऱ्याला शिकवा. तो पोराला गवताच्या भाऱ्यासारखं बांधतो."

"तुझ्या नवऱ्याला आधी पोर कुठल्या बाजूने धरायचं ते शिकव."

मी हसलो. या बाया मागच्या महिन्यात माझ्याशी बोलताना आवाज खाली करायच्या. त्यांनी तो पुन्हा वर केला, याचे मी मनातून उपकार मानले.

एम्बोक सुमेर्ती खांबाला टेकून बसली होती. सिंगराजाहून सकाळच्या गाडीने आली होती. पायाशी मोठी पिशवी. पिशवीतून नव्या दुपट्याचं टोक दिसत होतं. तिने उठून कादेकच्या गालाला बोटाची मागची बाजू लावली, आणि विदीच्या डोक्यावरून हात फिरवला.

काटा तुळईला टांगलेला असतो. लांब पितळी दांडी, एका अंगाला कापडी झोळी, दुसऱ्या अंगाला सरकणारं वजन. मी कादेकला झोळीत ठेवला. मास्नी म्हणाली, "हात सोडा, ब्ली."

"सोडतो."

"सोडा म्हणजे सोडा. तुमच्या हाताचं वजन लिहू का वहीत?"

सोडला. मागच्या वजनानंतर पहिल्यांदा तो कुणाच्याच हातात नव्हता आणि कुठे टेकलेलाही नव्हता. नुसता लोंबत होता, हवेत. त्याने डोळे उघडले. रडला नाही. वर छपराच्या कौलांमधून उजेडाची तिरीप येत होती, तिच्याकडे बघत राहिला. दांडी खालीवर होत होती. दांडी पातळीत आली की नाही हे बघणं माझा धंदा आहे, नळीतला बुडबुडा मला दहा हातांवरून कळतो. पण त्या वेळी मला काही कळेना. दांडी डोळ्यांसमोर दोन दोन दिसायला लागली.

"तीन," मास्नी म्हणाली, आणि वजन सरकवलं. अजून सरकवलं. "अजून आहे की! तीन सहाशे."

"परत बघ," एम्बोक म्हणाली.

"परत काय बघायचं? तीन किलो सहाशे. ब्ली, याला दूध पाजता की सिमेंट?"

मंडपभर हशा पिकला. नर्सबाईने वहीत टिंब टाकलं आणि मागच्या टिंबापासून रेघ ओढली. रेघ वर गेली, पिवळ्यातून हिरव्यात. एवढीशी रेघ. मी आयुष्यात मैलभर सरळ रेघा आखल्यात, फरश्यांच्या. त्या रेघेएवढी चांगली एकही नव्हती. एम्बोकने त्याला झोळीतून उचललं आणि त्याच्या पोटात तोंड खुपसलं. "मेल्या, खाल्लंस की रे! मला खोटं पाडलंस की रे!" असं म्हणत ती हसत होती, आणि डोळे त्याच्या दुपट्याला पुसत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं. जिंकलास."

"आता मी!" विदी म्हणाली.

ती आपली आपण झोळीत चढली, पाय दोन भोकांतून बाहेर काढले, राणीसारखी बसली. मास्नीने वजन सरकवलं. मग मागे सरकवलं. मग विदीच्या पायांखाली बघितलं.

"पाय टेकलेत का गं?"

"नाही."

मास्नीने परत केलं. आवाज बदलला. "अकरा तीनशे."

"मागे किती होती?" नर्सबाईने वही उलटली. "बारा शंभर. ताप आला होता? जुलाब?"

"नाही."

"जेवते?"

"ताट चाटूनपुसून," मी म्हणालो. "रोज. दोन्ही वेळा."

"मग जातं कुठे?"

विदी झोळीत झोके घेत होती. तिच्या मांड्या झोळीच्या भोकांत सैल होत्या, हे मला तेव्हा दिसलं. गळ्याखालची हाडं दिसली. रोज मीच तिला आंघोळ घालत होतो. बावन्न दिवस मी एकाच पोराला निरखून बघत होतो, नखांपर्यंत, आणि दुसरी माझ्यासमोर सूप धरून चालत होती.

नर्सबाईने जंतांचं औषध दिलं आणि पंधरा दिवसांनी परत आणायला सांगितलं. एम्बोक मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "एकाला भरलंस ते दुसरीतून काढलंस, नेंगाह. तू एकटा आहेस. दोन हातांत दोन पोरं मावत नाहीत, यात तुझा दोष नाही. विदीला मी नेते. चारच्या गाडीने. अंग धरलं की परत आणून सोडते."

"एम्बोक, ती इथे नसली तर मला घरात कुठे काय ठेवायचं तेही..."

"माहीत आहे रे," ती म्हणाली.

वजनानंतर मुलांना हिरव्या मुगाची खीर देतात, नारळाच्या दुधातली. बाकीची पोरं वाट्या चाटत होती. विदीने वाटी घेतली, हुंगली, आणि मास्नीपुढे धरली.

"बांधून दे."

"इथेच खा की गं सोने."

"घरी. बांधून दे."

मास्नीने पिशवीत ओतून गाठ मारून दिली. मला वाटलं, भावासाठी नेत असेल. परत येताना ती माझ्या खांद्यावर पिशवी छातीशी धरून बसली होती, आणि एम्बोक कादेकला घेऊन पुढे चालत होती. हवालदाराने विचारलं, "काय गं, किती भरलीस?" विदी म्हणाली, "खूप."

घरी आल्यावर एम्बोक आत जाऊन न्यायचे म्हणून विदीचे कपडे काढून ठेवायला लागली. मी भात वाढला, मासळीचा तुकडा काटे काढून कुस्करला, वर रस्सा. ताट विदीच्या हातात दिलं. ती ताट आणि खिरीची पिशवी घेऊन बाहेर गेली. रोजच्यासारखी.

रोजच्यासारखा मी बाटली घ्यायला वळलो. नर्सबाईचं 'मग जातं कुठे?' आठवलं, आणि परत फिरलो. दाराच्या आत, चौकटीला लागून उभा राहिलो.

पायरीवर ती बसलीच नाही. ती उजव्या अंगाला गेली, कादेकच्या दगडापाशी उकिडवी बसली. ताट बाजूला ठेवलं. केळीच्या पानाचा एक फाटका तुकडा तिथेच होता, सकाळच्या नैवेद्याचा. तो तिने हाताने पुसून दगडावर नीट मांडला आणि ताटातला भात त्यावर घातला. सांडू न देता, मूठ मूठ. मग मासळी. मग पिशवीची गाठ सुटेना, म्हणून दाताने फोडली.

"मेमे, आज गोड आहे," ती म्हणाली.

मी हललो नाही.

"कादेक जड झाला. बापा रडला नाही. थोडा रडला. मी पण जड झाले, खूप." मग जरा थांबून, मोठ्या माणसासारखं, सुआर्ती तिला म्हणायची अगदी तसं, "जेव गं. सगळं जेव. बघत काय बसलीस?"

बेलांग फाटकापाशी बसला होता. त्याला वेळ माहीत होती. ती उठून चार पावलं मागे आली आणि पाठ करून उभी राहिली, कारण जेवणाऱ्याकडे टक लावून बघायचं नसतं. कुत्रा आला, शांतपणे सगळं खाल्लं, पान चाटलं. ती वळली. रिकामं पान बघून तिचा चेहरा उजळला.

आमच्या घरात सतरा ठिकाणी रोज भात ठेवलेला असतो. त्यात एका दगडावर मूठभर जास्त पडला, तर कुणाला काय दिसणार? मला दिसलं नव्हतं.

मागे श्वास ऐकू आला. एम्बोक कादेकला घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. "कधीपासून?" ती नुसत्या ओठांनी म्हणाली. मी मान हलवली, माहीत नाही म्हणून. पण मला माहीत होतं. ती ताट घेऊन बाहेर जायला लागली, तेव्हापासून.

मला त्या क्षणी दुःख झालं असं मी म्हणणार नाही. देवळात आतलं दार उघडतं आणि आपण बेसावध असतो, तसं झालं. अडीच वर्षांच्या पोटाला भूक लागत असेल ना? लागतच असणार. शेजारची म्हातारी हातावर ठेवेल त्या केळ्या-रताळ्यावर ती तगली होती. एवढ्या भुकेत पानावरून हात मागे घ्यायचा, आणि सांगायचं कुणाला नाही. मी सुआर्तीचा नवरा. मी तिथे चार थेंब डब्याचं दूध टाकत होतो, तेही तिच्यासाठी नव्हे.

मी आत जाऊन दुसरं ताट वाढलं, पहिल्यापेक्षा जास्त, आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

"विदी, ये इकडे. देवळात आपण नैवेद्य नेतो, मग काय करतो?"

"घरी आणतो."

"आणि?"

"खातो."

"मग देव काय खातो?"

तिने खूप विचार केला. "वास," ती म्हणाली.

"बरोबर. मेमेचं पण तसंच. ती वास घेते. बाकीचं आपल्यासाठी ठेवते. ते आपण खाल्लं नाही तर तिला वाईट वाटतं."

विदीने माझ्याकडे संशयाने बघितलं. "मेमेला भूक लागेल."

"नाही लागत. वास पुरतो."

"कोण म्हणालं?"

इथे मी अडकलो. कोण म्हणालं? मला काय माहीत तिथे काय पुरतं आणि काय नाही? कुणाचं नाव सांगायचं?

"मी म्हणते," मागून एम्बोक म्हणाली. ती कादेकला घेऊन पायरीवर माझ्या शेजारी बसली. "मी तिची मोठी बहीण आहे ना? मला माहीत आहे. लहानपणी ती माझ्या ताटात नाक घालायची, हुंगायची आणि म्हणायची, झालं माझं, आता तू खा. असली नाटकी होती तुझी मेमे."

"खरं?"

"विचार तिला."

विदी दगडाकडे वळली. विचारलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. थोडा वेळ ती तशीच वाकून राहिली. मग परत आली आणि माझ्या हातातलं ताट ओढलं. जमिनीवर ठेवलेलं परत उचलून खात नाहीत, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने मला उठवलं, दोघांनी मिळून ताट दगडाच्या वर, हवेत धरलं. कुत्रा आशेने जवळ आला. "बेलांग, हो तिकडे," ती म्हणाली. "आता तुझं नाही."

"झालं का मेमेचं?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"अजून नाही. मासळी आहे."

माझे हात भरून आले तेव्हा ती म्हणाली, "झालं."

पायरीवर बसून ती जेवली. जेवली म्हणजे कशी, ते मला सांगता येत नाही. घास तोंडात असतानाच दुसरा घास हातात. रस्सा कोपरापर्यंत. मधेच थांबून एक घास एम्बोकच्या तोंडात कोंबला, एक माझ्या. कादेकच्या ओठांपाशी पण नेला, तर एम्बोकने तिचा हात धरला. "त्याला दात कुठेत?"

"लपलेत," विदी तोंडात भात असताना म्हणाली.

वरच्या रस्त्याला चारच्या गाडीचा भोंगा वाजला. एम्बोकने मान वर केली नाही. आत विदीचे कपडे घडी करून तिच्या पिशवीवर ठेवलेले होते.

"पाचचीही असते," ती म्हणाली.

पाचच्या गाडीआधी ती आत गेली आणि पिशवी रिकामी करून आली. दुपटं, नवा डबा, विदीसाठी आणलेला झगा, सगळं इथेच. "पंधरा दिवसांनी मी येतेय," ती फाटकातून म्हणाली. "ती बारा शंभरला आली नाही, तर मी इथेच राहायला येईन, आणि मग तू बघ, नेंगाह. मी पहाटे चारला उठवते."

मी पोरीशी खोटं बोललो का? तेव्हाही ठरवता आलं नाही, आताही येत नाही. सुआर्ती समुद्रात आहे, मी स्वतः सोडली. पण समुद्रावर जाऊन मला कधी तिच्याशी बोलता आलं नव्हतं. एवढ्या पाण्यात कुणीकडे तोंड करायचं तेच कळायचं नाही.

ऊन उतरलं होतं. कादेक भुकेने कुरकुरायला लागला, तशी मी बाटली घेऊन बाहेर आलो. विदी सूप घेऊन मागे आली. तिला वाटलं काहीतरी ठेवायचंय. मी दगडावर चार थेंब टाकले आणि रोजच्यासारखा वळणार होतो. थांबलो.

"तीन किलो सहाशे," मी दगडाला म्हणालो.

विदीने माझा सदरा ओढला. "आणि मी?"

"अकरा तीनशे."

"सांग ना तिला."

मी सांगितलं.